कानांनी निवडावयाचे यंत्र

आमच्या हातून एखादी चूक घडली, तर ती या सदरात सांगून टाकण्याचा आमचा शिरस्ता वाचकांस ठाऊक आहेच. या महिन्यातही तशीच एक सांगावयाची आहे.

आमच्या इंदुरातील शाळेतून काही वर्षांपूर्वी बाहेर पडलेला एक विद्यार्थी महाविद्यालयात असताना दृष्टी गमावून बसला. मुलगा हुशार आणि जिद्दीचा. बँकेच्या परीक्षेच्या अभ्यासासाठी त्याला संगणक हवा, असे त्याच्या आईने आम्हांस सांगितले. आम्ही चार माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी जमविली, एक जुना संगणक घेतला आणि पैसे वाचावेत म्हणून त्यात लिनक्सची एक फुकट मिळणारी हलकी आवृत्ती बसवून घेतली. घरी नेऊन तो सुरू करून दिला. पडद्यावर सारे लखलखीत दिसत होते. मुलगा शांतपणे कळफलक चाचपत राहिला. यंत्र काही बोलेना. शेवटी तो म्हणाला, "सर, तुम्ही पडदा पाहिलात. ऐकून पाहिलंत का?"

आम्ही निरुत्तर झालो. ‘आधी प्रश्न नीट वाचा’ असे मुलांना जन्मभर सांगणाऱ्या मास्तराने स्वतः प्रश्नच वाचला नव्हता.

मग आम्ही त्याच्याच शेजारी बसून शिकलो. अंध व्यक्ती संगणक वापरते ती स्क्रीन रीडर, म्हणजे पडदावाचक, या प्रोग्रामच्या साह्याने. पडद्यावरील मजकूर, बटणे, याद्या तो वाचून दाखवितो. माऊसचे काम कळफलकावर होते. ऑपरेटिंग सिस्टिम ही संगणकाची मूळ कार्यप्रणाली. तिने आतली माहिती पुरविली, तरच पडदावाचकाला वाचा फुटते. तेव्हा प्रणाली निवडताना पडदावाचकाचाच विचार आधी करावयास हवा.

वाटा मुख्यतः तीन. विंडोजसाठी ‘जॉज’ हा जुना व मातबर वाचक आहे. अपघातात दृष्टी गेलेल्या टेड हेंटर यांनी तो १९८९ साली प्रथम डॉससाठी आणला. पण तो विकत घ्यावा लागतो. २००६ साली मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने ‘एनव्हीडीए’ सुरू केला. जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. हा वाचक कोणालाही विनामूल्य मिळतो. विंडोजचा स्वतःचा ‘नॅरेटर’ही आहे. अ‍ॅपलच्या मॅकमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ २००५ पासून अंगचाच येतो. मात्र यंत्रच महाग. लिनक्सवर ‘ऑर्का’ आहे, तोही विनामूल्य. परंतु लिनक्सचे दर्शनी रूप ज्या डेस्कटॉपचे असेल, त्यावर पुष्कळ अवलंबून असते. ग्नोम किंवा माते असेल तर ऑर्का चांगला चालतो. काही हलक्या आवृत्त्यांत तो मुळीच नसतो. आमची फसगत झाली ती येथे.

निवड अखेर त्यानेच केली, विंडोज आणि एनव्हीडीए. कारणेही त्याचीच. पुढे ज्या कचेरीत बसावयाचे, तेथे विंडोज असण्याचा संभव अधिक. अडले तर ज्यांना विचारावे ते त्याचे अंध मित्र एनव्हीडीएच वापरतात. शिवाय त्यातला ‘ईस्पीक’ हा आवाज, काहीसा यांत्रिक असला तरी, मराठी आणि हिंदी दोन्ही वाचतो. परंतु विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ आमच्या जुन्या यंत्रावर चालेना. ते बदलून घ्यावे लागले. आमच्या घाईचा दंड आम्हीच भरला.

ज्यांच्या घरी असा प्रसंग असेल त्यांनी वापरणाऱ्यालाच दुकानात न्यावे. विंडोजवर विंडोज, कंट्रोल व एंटर या कळा एकत्र दाबल्या की नॅरेटर बोलू लागतो. मॅकवर कमांड व एफ५. पैसे मोजण्यापूर्वी यंत्राचा आवाज ऐकावा.

येथेच ही कथा संपती, तर बरे होते. आठवड्याने त्याचा फोन आला. आम्ही पाठविलेली टिपणे यंत्र वाचते, पण अर्थ लागत नाही. ती आम्ही कृतिदेव फॉन्टमध्ये टंकित केली होती. या जुन्या फॉन्टमध्ये ‘राम’ लिहिले असता यंत्राच्या पोटी ‘जे, के, ई’ ही रोमन अक्षरे असतात. देवनागरीचा केवळ पोशाख. डोळा त्याला फसतो, कान फसत नाही. युनिकोडमध्ये मात्र ‘र’ हा ‘र’च राहतो. छापील पानाचा नुसता फोटो पाठविला, तर तेही पडदावाचकाच्या दृष्टीने चित्रच. त्यातली अक्षरे आधी वेगळ्या प्रोग्रामने ओळखवून घ्यावी लागतात.

आमच्या कित्येक सूचना, मंडळांची किती निमंत्रणे अशी मुकी गेली असतील! मंडळांच्या चिटणिसांना आमची विनंती आहे की, परिपत्रक युनिकोडमध्येच टंकित करावे आणि त्याच्या फोटोबरोबर मूळ मजकूरही पाठवावा.

आम्ही सारी टिपणे पुन्हा टंकित केली. पाठविण्यापूर्वी डोळे मिटून एकदा ऐकली. संध्याकाळी त्याचा फोन आला, "सर, या वेळी ऐकून पाठवलीत वाटतं!"