दुर्लक्षित म्हणे! पण दुर्लक्ष केलं कोणी?

परवा शेजारचा पोरगा इंग्रजीचं पुस्तक घेऊन घरी आला. स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. म्हणाला, "काका, डेरिलिक्ट म्हणजे काय हो? मी 'दुर्लक्षित' लिहिलं, तर उत्तरात 'कर्तव्यात कसूर करणारा' दिलंय. पुस्तक चुकलं का?"

पुस्तक बरोबर होतं. आणि पोरगाही बरोबर होता!

हा शब्द मूळ लॅटिनमधला, अर्थ 'पार सोडून दिलेलं'. परत यायची आशाच न ठेवता खलाशांनी समुद्रात सोडलेलं जहाज म्हणजे डेरिलिक्ट. मालकानं वाऱ्यावर सोडलेली इमारतही डेरिलिक्ट. इमारत नुसती जुनी असून भागत नाही, तिला कोणीतरी सोडून जावं लागतं. आणि गंमत म्हणजे, विशेषतः अमेरिकेत, आपलं कर्तव्य सोडणाऱ्या माणसालाही हेच विशेषण लागतं. सोडलेली वस्तूही डेरिलिक्ट, सोडणाराही डेरिलिक्ट.

मराठीत शब्दांची कमी नाही. शेत पडीक, वाडा पडका, गाव ओसाड, गाडी बेवारस. माणसासाठी वेगळे: निष्काळजी, हयगय करणारा, कामचुकार. पण हे दोन कप्पे झाले. निवेदनात, बातमीत, भाषणात आपण पहिलाच कप्पा उघडतो. "अमुक वास्तू दुर्लक्षित", "तमुक तलाव उपेक्षित". जसं काही पावसाळ्यात गवत उगवतं, तसं दुर्लक्षही आपोआप उगवलं! दुसरा कप्पा उघडतो तो एखाद्या खालच्या कर्मचाऱ्याला नोटीस द्यायची असते तेव्हा.

आता आपल्या कारंजाचंच घ्या. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी आपली शकुंतला. ११३ किलोमीटरचा, अडीच फुटी रुळांचा मार्ग. वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी कंपनीनं टाकलेला. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ती ओढत होतं, मग डिझेल आलं. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, पण हा मार्ग खासगी कंपनीच्याच मालकीत राहिला आणि गाडी चालवायची मध्य रेल्वेनं. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण आपल्याकडे उगाच नाही आली. रूळ थकले, वेग घटला, शेवटी गाडी बंद पडली. ब्रॉडगेजच्या घोषणा मात्र वेळेवर येत राहिल्या, गाडीपेक्षा जास्त नियमित!

आपण काय म्हणतो? "शकुंतला दुर्लक्षित राहिली." बस. वाक्य संपलं, कर्ता गायब.

आणि राजेहो, बोट फक्त वरच दाखवून चालणार नाही. लहानपणी मामाकडे जाताना मी याच गाडीनं मूर्तिजापूरला जायचो. खिडकीत बसायचं, मागे पळणारी कपाशी पाहायची. पण पुढे मोटरसायकल आली, एसटी जवळची वाटू लागली. शेवटचं तिकीट कधी काढलं, ते मलाच आठवत नाही. गाडी बंद झाल्यावर हळहळलो, एक फोटो टाकला, शंभरावर लाइक आले. माझं कर्तव्य तिथंच संपलं. मग त्या शब्दाचा दुसरा अर्थ मला लागतो की नाही?

दिल्ली वेस, दारव्हा वेस, ऋषी तलाव, यांच्याबद्दलही आपण असंच बोलतो. म्हणून माझं एक साधं म्हणणं आहे. यापुढे निवेदन लिहाल तेव्हा 'दुर्लक्षित' हा शब्द टाळून पाहा. त्याऐवजी लिहा: काम कोणत्या कार्यालयाचं, कोणतं काम, केव्हापासून झालं नाही. आणि खाली एक ओळ: आम्ही नागरिक यात काय करणार. वाक्याला कर्ता मिळाला की उत्तर द्यायलाही कोणीतरी उभं राहावंच लागतं.

त्या पोराला मी सांगितलं, "बाळा, परीक्षेत दोन्ही अर्थ लिही."

तो म्हणाला, "काका, मार्क एकाचेच मिळतात."

बरोबर आहे त्याचं. आपणही आजवर एकच अर्थ लिहीत आलो, जो सोपा होता तो.