घार म्हणजे गिधाड नव्हे!

नांदेडला गोदावरीवर मोठा पक्षी घिरट्या घालताना दिसला, की आमची मंडळी फोटो टाकून मोकळी: ‘गिधाडं परत आली!’ अहो, शेपटी बघा ना. खाच आहे, म्हणजे घार. (घारीनं शेपटी पसरली की खाच दिसत नाही, तेव्हा थोडं थांबा.) पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची शेपटी आखूड, पंख फळीसारखे रुंद, खालून अंग काळपट, पंखांची पुढची बाजू पांढरी.

अंटार्क्टिकाकडचा जायंट पेट्रेलही मढी खाणारा. त्याच्या दोन जाती चोचीच्या टोकावरून ओळखतात, दक्षिणेची हिरवट, उत्तरेची लालसर. हे आम्हाला नेटवरून पाठ! पण लातूरच्या शिवारात बैल मेला तर त्यावर कोण उतरतं, ते बघायला वेळ नाही.

बरं, ही नुसती नावाची गफलत नाही. १९९२ ते २००७ या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक मढ्यातून त्यांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ साली गुरांसाठी बंदी आली, तर माणसांच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचायला लागले! शेवटी २०१५ साली बाटलीवर ३ मिलीची मर्यादा घालावी लागली. घारीला गिधाड म्हटलं की सगळं आलबेल वाटतं, मग औषधाचं विचारणार कोण?

सुट्टीत गावी जाल तेव्हा गुरांच्या डॉक्टरांना एवढंच विचारा: मेलॉक्सिकॅम देता ना?