खड्ड्याला अनुदान, पाण्याला नाही

मराठवाड्यातल्या शेततळ्यांचं एखादं ड्रोन-रील तुम्हीही पाहिलं असेल. तपकिरी रानात पाण्यानं भरलेले चौकोन चमकतात आणि खाली कमेंट येते, 'दुष्काळावर मात!' पण ते पाणी आलं कुठून?

शेततळ्याची मूळ कल्पना साधी आहे. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचं आणि पावसानं ओढ दिली की पिकाला एखाददुसरं पाणी द्यायचं. प्रत्यक्षात प्लॅस्टिक अंथरलेली अनेक तळी बोअर-विहिरीच्या पाण्यानं भरतात. खडकातलं, सगळ्या गावाच्या वाट्याचं पाणी मोटारीनं उपसून उन्हात ठेवायचं. त्यातलं काही वाफ होऊन जातं, उरलेलं एकाच्या बागेला मिळतं. शेजाऱ्याची विहीर मात्र तळ गाठते. याला जलसंधारण म्हणायचं, तर साठेबाजी कशाला म्हणायचं?

शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. डोळ्यांदेखत बाग वाळत असेल तर कुणीही हेच करेल. दोष अनुदानाच्या रचनेत आहे. सरकार खड्ड्याची लांबी-रुंदी मोजतं, पैसे देतं. तळं पुढं दरवर्षी कशानं भरतं, हा प्रश्न तिथंच संपतो. २०१६च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत ५० हजारांपर्यंत अनुदान होतं, पण मागणाऱ्याच्या नावावर किमान ०.६० हेक्टर जमीन हवी होती. भूमिहीन मजुरानं मागायचं कुणाकडे?

'जलयुक्त शिवार'चंही तेच. ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात फारसा परिणाम दिसला नाही, असं 'कॅग'नं २०२० मध्ये नोंदवलं.

हिवरे बाजारातही बंधारे सरकारी योजनांमधूनच झाले. पण गावानं सोबत नियम पाळले: शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद. 'प्रत्येक गावाला तसं नेतृत्व कुठून आणायचं?' असं लगेच विचारलं जातं. म्हणूनच तर नियम अनुदानाला जोडायला हवेत. खोल बोअरवर निर्बंध घालणारा भूजल कायदा २००९ सालचा आहे. तो कागदावर ठेवून खड्ड्यांवर पैसे ओतणं ही पळवाट आहे.

आधी ग्रामसभेत ताळेबंद मांडा, त्यात भूमिहीनांच्या पिण्याच्या पाण्याचा वाटा पहिला धरा, मगच अनुदान द्या. आणि बोअरनं भरलेल्या तळ्याला एक रुपयाही नको. दुष्काळ हटवायचा पैसा दुष्काळाची वाटणी करत असेल, तर तो आपल्या करातून का जावा?