दुय्यम खात्यांची लबाडी

व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये 'डोटा २' या ऑनलाइन खेळातील ९० हजार खाती बंद केली. पाच विरुद्ध पाच असा हा सांघिक खेळ. निष्णात खेळाडूंनी स्वतःची ओळख झाकून दुबळ्यांच्या श्रेणीत उतरण्यासाठी ही दुय्यम खाती उघडली होती. प्रत्येकाचा माग मूळ खात्यापर्यंत काढला असून यापुढे मूळ खात्यालाही शिक्षा होऊ शकेल, असे कंपनीने बजावले. कारवाई योग्यच होती. परंतु खेळ बाजारात येऊन तेव्हा दहा वर्षे लोटली होती, हेही विसरता येत नाही.

या प्रथेला 'स्मर्फिंग' म्हणतात. बेल्जियन चित्रकथांतील निळ्या बुटक्यांवरून हे नाव पडले. १९९० च्या दशकात 'वॉरक्राफ्ट २' खेळणाऱ्या काही नामांकितांचे नाव दिसताच प्रतिस्पर्धी काढता पाय घेत. म्हणून त्यांनी या बुटक्यांची नावे धारण केली, असे सांगतात. तेव्हा ती गंमत असेल. आज सामन्यांची जुळणीच गुणांकनावर चालते आणि तेथे या गमतीचे स्वरूप पालटते.

अर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी जी गुणांकन पद्धती रचली, तिचे तत्त्व साधे आहे: मागील निकालांवरून खेळाडूचे बळ अजमावायचे. नव्या खात्याला मागील निकाल नसतात. यंत्रणेला खरे बळ उमगेपर्यंत समोरचे पाचजण नाहक मार खातात. स्वतःच्या संघातील चौघांचेही त्यात हित नाही. न कमावलेल्या विजयाने ते वरच्या श्रेणीत ढकलले जातात आणि पुढील सामन्यांत तेथे आपटतात. श्रेणी खालीच राहावी म्हणून हा बहाद्दर मुद्दाम हरू लागला, तर त्या पराभवाचे गुणही या चौघांच्याच खात्यातून वजा होतात. एकट्याच्या करमणुकीची किंमत अशी नऊजण मोजतात.

नवशिक्या मित्रासोबत खेळायचे आहे, नवे पात्र सरावायचे आहे, प्रसिद्धीचा जाच नको आहे, असे समर्थन केले जाते. त्यांतले शेवटचे कारण खरे आहे. परंतु नाव लपविणे वेगळे आणि बळ लपविणे वेगळे. पहिल्याला कोणाचीच हरकत नसावी. मित्रासोबतच्या खेळासाठी व सरावासाठी श्रेणीविरहित सामने आहेतच.

कंपन्यांनाही यातून मोकळे सोडता येणार नाही. 'काउंटर-स्ट्राइक'चा 'ग्लोबल ऑफेन्सिव्ह' हा खेळ डिसेंबर २०१८ मध्ये विनामूल्य झाला आणि दुसरे खाते उघडण्याचा खर्चच नाहीसा झाला. 'डोटा २'च्या श्रेणीबद्ध सामन्यांसाठी २०१७ मध्ये दूरध्वनी क्रमांक सक्तीचा झाला, तरी तयार खात्यांची खरेदी-विक्री थांबली नाही. नव्या खात्याची पारख त्वरेने करणे, मूळ खात्याला पहिल्याच वेळी दंड करणे आणि ज्यांचे सामने नासले त्यांचे गमावलेले गुण परत देणे ही कामे कंपन्यांचीच आहेत. निकालांची सारी नोंद त्यांच्यापाशी आहे.