फॉरमॅट मारायच्या आधी...

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून, मंडळी, माझे नगरचे वीकेंड इतरांच्या लॅपटॉपमध्येच जातायत. मशीन ठणठणीत असतं, पण विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि तेच नसतं. मग शेजारी लिनक्स टाकायचं. इथवर झकास. पहिल्याच बूटला काळी स्क्रीन आली की मात्र सगळ्यांना एकच उपाय सुचतो, "दादा, फॉरमॅट मारू का?"

अजिबात नाही! त्याच डिस्कवर विंडोजच्या पार्टिशनमध्ये घरचे फोटो असतात, सातबाऱ्याचे स्कॅन असतात... आणि बॅकअप कुणाकडेच नसतो. बूट झालं नाही म्हणजे डेटा गेला असं नव्हे. आधी स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा की राव.

'नो बूटेबल डिव्हाइस' म्हणजे बूटलोडरच सापडला नाही. बऱ्याचदा मशीन यूईएफआयवालं असतं आणि इन्स्टॉल करताना पेनड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीने सुरू केलेला असतो. 'ग्रब रेस्क्यू' म्हणजे ग्रब अर्धवट उठलाय, त्याच्या बाकीच्या फायली असलेलं पार्टिशन त्याला मिळत नाहीये. आणि 'इमर्जन्सी मोड' आला तर उलट हुश्श म्हणा, कर्नल सुरू झालंय! तिथे पहिला संशय एफएसटॅब या फाइलीवर.

एसडीए, एसडीबी ही नावं डिस्क सापडण्याच्या क्रमावर ठरतात, त्यामुळे ती बदलू शकतात. म्हणून त्या फाइलीत यूयूआयडी लिहितात. आपल्या शहराचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पिन ४१४००१ च राहिला, तसंच. फक्त पार्टिशन फॉरमॅट केलं की यूयूआयडी नवा होतो. दोन लिनक्स एकच स्वॅप वापरत असतील आणि दुसऱ्याच्या इन्स्टॉलरने ते फॉरमॅट केलं, तर पहिलं दर बूटला ९० सेकंद जुन्या स्वॅपची वाट बघत बसतं. (आणि लोक म्हणतात लिनक्स स्लो आहे!) लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा, बीएलकेआयडी कमांड द्या, फाइलीतला यूयूआयडी जुळवा. पाच मिनिटांचं काम.

असो. इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' वर क्लिक नको, पार्टिशन हातानेच करा आणि होम वेगळं ठेवा. २५६ जीबीच्या डिस्कवर लिनक्सला निम्मी जागा दिली, तर रूटला ४० जीबी पुष्कळ झाले. पुढे कधी खरंच नव्याने टाकायची वेळ आली, तर फॉरमॅटची टिक फक्त रूटसमोर. होमसमोरचा चौकोन रिकामा आहे ना, ते पुन्हा एकदा बघून मगच पुढे जा.