झाकली मूठ... पण किल्ली कुठंय?

कॅम्पस इंटरव्ह्यूचे दिवस आले की होस्टेलवर एकच विषय. पॅकेज किती, बॉन्ड आहे का, पोस्टिंग पुण्यात की बंगलोरला! नोकरीच्या पहिल्या दिवसाबद्दल मेसमध्ये तासन् तास चर्चा होते. शेवटच्या दिवसाबद्दल मात्र कोणीच बोलत नाही. राजीनामा दिल्यावर, नोटीस पिरियड संपताना, एक क्लिअरन्स फॉर्म हातात येतो. आपल्या 'नो ड्यूज'चा मोठा भाऊच म्हणा ना! लॅपटॉप जमा, आयकार्ड जमा, ड्रॉवरची किल्ली जमा, सिक्युरिटी टोकन जमा. सगळ्या सह्या झाल्या की मगच रिलीव्हिंग लेटर.

आता समजा, ते टोकनच हरवलं तर? आणि तेही शेवटच्या महिन्यात, नव्या कंपनीची जॉइनिंग डेट ठरलेली असताना?

पास होऊन गेलेल्या सीनिअर्सना विचारा, सल्ला ठरलेला असतो. "गप्प बस. शेवटच्या दिवशी बघू. आत्ताच कशाला उगाच लफडं?" झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपल्या अंगात पुरती मुरलेली आहे. पण माझं स्पष्ट मत आहे की इथे ही म्हण साफ चुकते. हरवणं हा गुन्हा नाही, ते कोणाच्याही हातून होतं. खरं नुकसान होतं ते लपवण्यामुळे.

थोडं टेक्निकल बघू. टोकन म्हणजे किल्लीच्या जुडग्याला अडकवायची छोटीशी वस्तू. 'आरएसए सिक्युरआयडी' हे त्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध नाव. त्याच्या पडद्यावरचा सहा आकडी नंबर साधारणपणे दर ६० सेकंदांनी बदलतो. आत एक गुप्त संख्या असते, तिला 'सीड' म्हणतात, आणि एक घड्याळ असतं. तीच संख्या कंपनीच्या सर्व्हरवरही असते. दोघंही एकच गणित करतात, उत्तर जुळलं की दार उघडलं. सोबत आपला पिन लागतो. आता बऱ्याच ठिकाणी हे काम मोबाइलमधलं अॅप किंवा यूएसबीमध्ये खोचायची किल्ली करते. पण तत्त्व तेच: एक गोष्ट तुम्हाला माहीत हवी आणि एक वस्तू तुमच्याकडे हवी.

म्हणजे टोकन गेलं की दोन कुलपांपैकी एक गेलं. "पण पिन आहे ना!" असं कोणी म्हणेल. अहो, जन्मतारीख हाच पिन ठेवणारे आणि टोकनच्या पाठीवर तो चिकटवणारे महाभाग आपल्यातच आहेत! दरवाजाचं कार्ड तर त्याहून भोळं. १२५ किलोहर्ट्झवर चालणारी बरीचशी जुनी कार्डं रीडरजवळ नेली की आपला ठरलेला नंबर उघडपणे सांगून टाकतात. कार्ड ज्याच्या हातात तो आत, आणि नोंद मात्र तुमच्या नावावर.

गंमत म्हणजे यावरचा उपाय अगदी साधा आहे. अॅडमिनने सर्व्हरवर ते टोकन बंद केलं की ती वस्तू नुसता प्लॅस्टिकचा तुकडा. काही मिनिटांचं काम. पण कोणी सांगितलं तरच! म्हणून हरवण्याची खरी किंमत टोकनच्या किमतीवर ठरत नाही. हरवल्यापासून कळवेपर्यंत किती वेळ गेला, त्यावर ठरते. तीन आठवडे गप्प बसलात तर तीन आठवडे तुमच्या नावाने एक दार उघडं. आणि शेवटच्या दिवशी "हरवलं, पण तेव्हा सांगितलं नाही" म्हणालात, तर ते टोकन तुम्ही कोणाला दिलं नाही हे सिद्ध कसं करणार? पहिल्याच दिवशी पाठवलेली दोन ओळींची मेल हाच तुमचा खरा साक्षीदार.

अर्धवट सांगणंही महागात पडतं. मार्च २०११ मध्ये खुद्द आरएसए या अमेरिकन कंपनीत घुसखोरी झाली. कंपनीने ते जाहीर केलं, पण नेमकं काय चोरीला गेलं हे सांगितलं नाही. मे महिन्यात लॉकहीड मार्टिन या संरक्षण कंपनीवर हल्ला झाला. जूनमध्ये आरएसएने मान्य केलं की त्यात मार्चमध्ये चोरलेली माहिती वापरली गेली, आणि मग ग्राहकांना टोकन बदलून देण्याची तयारी दाखवली. टोकन बनवणाऱ्यांची ही गत, तिथे आपली काय कथा!

पण सगळा दोष माणसावर टाकून चालणार नाही. माणूस लपवतो, कारण त्याला भीती वाटते. फायनल सेटलमेंटमधून किती कापतील? लेटर अडकवतील का? इथे कायदा माहीत हवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आहे. सांभाळायला दिलेली वस्तू तुमच्या निष्काळजीपणाने हरवली तर पगारातून कपात करता येते, पण झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त नाही, आणि तुम्हाला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय तर नाहीच. १९३६ च्या जुन्या कायद्यातही हे होतं, पण त्याला पगाराची मर्यादा होती, त्यामुळे बरेच इंजिनिअर त्याच्या बाहेर राहायचे. आता ती मर्यादा नाही. म्हणजे घाबरून गप्प बसायचं कारण कमी झालंय.

आणि कंपन्यांनाही अक्कल यायला हवी. प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला दंड आणि लपवणाऱ्याला काहीच नाही असा नियम केला, तर लोक लपवणारच.

लांब कशाला, आपलं होस्टेलच बघा. आयकार्ड हरवलं की दंड, अर्ज, सही आणि वर अर्ध्या तासाचं लेक्चर. परिणाम काय? पोरं मित्राच्या कार्डावर जेवतात, खोलीची डुप्लिकेट किल्ली गुपचूप करून आणतात, आणि मूळ किल्ली कोणाच्या खिशात आहे हे देवालाच ठाऊक! वर्षअखेरीला नो ड्यूजच्या रांगेत सगळं बाहेर येतं. तोवर खोलीतून काय काय गेलेलं असतं!

माझी सूचना साधी आहे. हरवल्याचं २४ तासांत कळवलं तर फक्त वस्तूची किंमत घ्या, दंड नको. कार्ड असेल तर ते लगेच रद्द करा, किल्ली असेल तर कुलूप बदला. दंड ठेवायचाच असेल तर तो लपवण्यावर ठेवा. अशी सवय इथेच लागली, तर उद्या कंपनीत वेगळं शिकवावं लागणार नाही.

मूठ झाकून हरवलेली किल्ली परत येत नाही. ती उघडून दाखवली तर निदान कुलूप तरी वेळेवर बदलता येतं. मित्रांनो, पटतंय का? आणि रेक्टर सर, तुम्हीही वाचताय ना?