सूर्यास्ताची सफर आणि पाण्याची ओळख

मे महिन्याची सुट्टी लागली की कर्जत, नेरळ, खोपोली, चौक येथील मध्यमवर्गीय घरांतून सहलीचा विषय निघतो. एके काळी हा विषय कुलदैवताचे दर्शन, आजोळ आणि फार तर माथेरान एवढ्यावर संपत असे. आता त्यांच्या जोडीला गोवा, मालवण, अंदमान ही नावे आली आहेत. या ठिकाणच्या सहलींत एका कार्यक्रमाचे आकर्षण विशेष असते, ते म्हणजे सूर्यास्ताच्या जलसफरीचे. दुपारी उशिरा बोट किनारा सोडते. वाटेत एकदोन बेटांजवळ ती थांबते. प्रवाशांना पोहण्यासाठी पाण्यात उतरविले जाते. डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी लावून पाण्याखालचे प्रवाळ व मासे पाहावयाचे, यालाच स्नॉर्केलिंग म्हणतात. पुढे मावळतीचे रंग पाहत परतीचा प्रवास आणि डेकवरच रात्रीचे जेवण. जाहिरातीतील छायाचित्रे मोहक असतात, आणि मुलांचा आग्रह त्याहून प्रबळ असतो.

अशा सफरीविषयी समाजात दोन मते ऐकू येतात. ज्येष्ठांपैकी अनेकांना ही निव्वळ चंगळ वाटते. तरुण पिढीला वाटते की पैसे भरले म्हणजे पुढची सारी चिंता आयोजकाची. वस्तुतः ही दोन्ही मते मूळ प्रश्नाला बगल देतात. सागराचे दर्शन घेणे, त्याच्या पोटातील सृष्टी मुलांना दाखविणे यात गैर काही नाही. मात्र ज्या कुटुंबातील पाच जण त्या पाण्यात उतरणार आहेत, त्यांपैकी किती जणांना पोहता येते? सहलीचा खर्च, हॉटेल, आगगाडीचे आरक्षण या सर्वांची चर्चा घरात होते. हा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाही.

नद्यांच्या उशाशी राहणारा समाज

कर्जत आणि खालापूर हे तालुके समुद्रापासून दूर असले, तरी पाण्यापासून दूर नाहीत. राजमाचीच्या परिसरात उगम पावलेली उल्हास नदी कर्जतवरून बदलापूर, कल्याणकडे जाऊन वसईच्या खाडीत सागराला मिळते. खोपोलीची पाताळगंगा आणि खालापूरच्या दक्षिण भागातून वाहणारी अंबा यांचे पाणी धरमतरच्या खाडीकडे जाते. टाटांचे खोपोली येथील वीजकेंद्र १९१५ साली आणि भिवपुरी येथील केंद्र १९२२ साली सुरू झाले. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी वीज निर्माण करून पाताळगंगेत आणि पेज नदीवाटे उल्हासमध्ये येते. इतरत्र नद्या कोरड्या पडतात त्या दिवसांतही येथे वाहते पाणी दिसते, ते यामुळेच.

या मातीचा इतिहासही पाण्याशी निगडित आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या सेनेला उंबरखिंडीत गाठले. ती जागा खालापूर तालुक्यातच आहे. दाट अरण्य, अरुंद वाट, घाट उतरून थकलेले सैन्य आणि पाण्यावाचून चाललेली तगमग, अशा स्थितीत खानाला शरणागती पत्करावी लागली. आपल्या भूमीतील वाटा आणि पाणवठे ज्याला ठाऊक होते, त्याचा तो विजय होता. त्याआधी १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि तेथील खाडीत जहाजबांधणीस प्रारंभ झाला. कर्जतहून वाहत गेलेले उल्हासचे पाणी ज्या खाडीला मिळते, त्याच खाडीच्या काठी स्वराज्याच्या आरमाराने आकार घेतला. पुढे १६७९ मध्ये खांदेरीच्या बेटावर इंग्रज आणि सिद्दी यांच्याशी मायनाक भंडारी व दौलतखान झुंजले. कान्होजी आंग्रे यांनी तर या किनाऱ्यावर परकीय सत्तांना जरब बसविली. मुंबई ते गोवा ही पर्यटन जहाजसफर २०१८ साली सुरू झाली, तेव्हा त्या जहाजाला ‘आंग्रिया’ हे नाव देण्यात आले, ते या परंपरेचे स्मरण म्हणूनच.

तथापि नाव देऊन वारसा चालत नाही. कोळी, भंडारी, गाबीत, दालदी या समाजांनी दर्यावरचे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या जपले, आणि पांढरपेशा समाज मात्र पाण्यापासून दुरावत गेला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात स्वदेशी बेड्यांचा उल्लेख केला, त्यांत सिंधुबंदी ही एक होती. ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात त्यांनी बोटीतून उडी घेतली आणि ते पोहत किनाऱ्याला लागले. त्या उडीची कथा घरोघर सांगितली जाते. ती सांगणाऱ्या आणि ऐकणाऱ्या घरांतून पोहता येणाऱ्यांची संख्या किती, हे मोजण्याची वेळ आता आली आहे. सिंधुबंदी शास्त्रार्थाने उरली नाही, पण सवयीने ती पुष्कळशी टिकून आहे.

पन्नास-साठ वर्षांपूर्वी खेड्यातील मुलगा पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत उतरत असे. काठावर काका किंवा थोरला भाऊ उभा असे. आठ-पंधरा दिवसांत डबा सुटे आणि मुलगा तरंगू लागे. घरोघर नळ आले, विहिरी बुजल्या, नदीचे पाणी दूषित झाले आणि ही घरगुती शाळा बंद पडली. तिच्या जागी दुसरी काही व्यवस्था उभी राहिली नाही.

मनाई आणि मृत्यू

या दुराव्याचे परिणाम दर पावसाळ्यात दिसतात. भिवपुरीजवळील आषाणे-कोषाणेचा धबधबा, सोलनपाडा, पाली-भुतिवलीचे धरण, खोपोलीचा झेनिथ धबधबा येथे शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याकडील तरुणांची गर्दी लोटते. दुर्घटना घडतात, आणि प्रशासन धबधबे व धरणांच्या परिसरात जाण्यास मनाईचे आदेश काढते. हे आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ कलमाखाली निघत. १ जुलै २०२४ पासून त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १६३ वे कलम आहे. कलम बदलले, दृश्य तेच राहिले. घाटमाथ्यावर लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील ५ जण प्रवाहात ओढले गेले. ते सर्व सहलीसाठीच आले होते.

मनाई आवश्यक आहे. पाण्याचा लोंढा अचानक वाढतो तेव्हा पट्टीच्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही, आणि मोजक्या पोलिसांनी प्रत्येक ओढ्यावर पहारा ठेवावा अशी अपेक्षा करता येत नाही. पण केवळ मनाईच्या फलकाने समाज पाण्याविषयी शहाणा होत नाही. आज येथे अडविलेला तरुण उद्या मालवणच्या किंवा गोव्याच्या बोटीत बसतो आणि तेच अज्ञान सोबत नेतो.

समुद्रावरील गेल्या काही वर्षांच्या घटना नजरेखालून घालाव्यात. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांची बोट उलटून ३ मुली दगावल्या. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पाण्याखालची सृष्टी पाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचे प्राण गेले. ७ मे २०२३ रोजी केरळातील तानूर येथे पर्यटकांची बोट उलटून २२ जणांचा अंत झाला. क्षमतेपेक्षा अधिक माणसे आणि दिवस मावळल्यानंतरची वेळ, ही त्या दुर्घटनेची लक्षणे होती. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली. या अपघातात १५ जण मृत्युमुखी पडले. बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती.

याउलट उदाहरणही रायगडचेच आहे. १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ प्रवासी बोट बुडू लागली, तेव्हा जवळच असलेली पोलिसांची गस्ती नौका वेळेवर पोहोचली आणि बोटीवरील सर्व ८८ जण वाचले. प्रशिक्षित माणसे हाकेच्या अंतरावर असली म्हणजे काय घडते, हे त्या दिवशी दिसले.

ग्राहक की प्रवासी?

सफरीला जाणाऱ्या कुटुंबप्रमुखाने काही गोष्टी स्वतः पाहावयास हव्यात. बोटीची नोंदणी आहे काय? तिच्यावर किती माणसे नेण्याची परवानगी आहे आणि प्रत्यक्षात किती बसविली आहेत? जाकिटे माणशी एक आहेत काय, मुलांच्या मापाची आहेत काय आणि ती अंगावर बांधलेली आहेत की बाकाखाली रचून ठेवलेली? बेटाजवळ पाण्यात उतरणाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी बोटीवर वेगळा माणूस आहे काय? पोहणे पुरेसा उजेड असतानाच संपले पाहिजे, कारण सूर्य कलल्यावर पाण्यातले डोके बोटीवरून दिसत नाही. पोहण्याआधी भरपेट जेवण टाळावे आणि मद्य तर सर्वथा वर्ज्य असावे. मुले सोबत असलेल्या ज्या सफरीत मद्य मुख्य आकर्षण म्हणून विकले जाते, तिच्याकडे संस्कारक्षम कुटुंबाने पाठ फिरविणेच इष्ट.

स्नॉर्केलिंग वरकरणी सोपे दिसते. पण नळीत पाणी शिरले की नवख्याचा श्वास अडतो, तो घाबरतो आणि कमरेइतक्या पाण्यातही धडपडू लागतो. उताणे तरंगणे, श्वास सांभाळणे आणि नळीतले पाणी फुंकून टाकणे या तीन गोष्टी आधी संथ पाण्यात शिकलेल्या असल्या, तर हाच अनुभव निर्भय आनंदाचा होतो. शिवाय प्रवाळ हे दगड नव्हेत, ती सूक्ष्म जीवांची वसाहत असते आणि तिची वाढ अतिशय मंद असते. मालवणचा सागरी भाग १९८७ सालापासून संरक्षित अभयारण्य आहे. तेथे घाबरलेला पर्यटक आधारासाठी प्रवाळावर पाय रोवतो, तेव्हा वर्षानुवर्षांची वाढ क्षणात मोडते. ज्याला तरंगता येते, त्याला पाय रोवावा लागत नाही. स्वतःची सुरक्षा आणि निसर्गाचे रक्षण ही येथे एकाच कौशल्यावर अवलंबून आहेत.

शिक्षण येथेच शक्य आहे

हे कौशल्य कर्जत-खालापूरच्या मुलांना कोठे मिळावे? उत्तर या तालुक्यांतच आहे. गेल्या दोन-तीन दशकांत येथे फार्महाउस आणि रिसॉर्ट यांची दाटी झाली. बहुतेकांच्या आवारात पोहण्याचे तलाव आहेत. शनिवार-रविवारी ते गजबजलेले असतात, सोमवार ते गुरुवार मात्र बव्हंशी रिकामे पडून असतात. त्या तलावांसाठी पाणी या भूमीचे, जागा या भूमीची आणि बाजूच्या वाडीतील मूल मात्र कुंपणाबाहेर, ही स्थिती भूषणावह नाही. आठवड्यातील दोन दिवस सकाळी दोन तास हे तलाव प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शाळांना मिळाले, तर इयत्ता पाचवी ते आठवीच्या मुलामुलींना एका वर्षात तरंगणे आणि पोहणे सहज शिकविता येईल. मालकांशी बोलणे, पालकांची संमती घेणे, प्रशिक्षक मिळविणे ही कामे शिक्षक, पालक आणि कार्यकर्ते यांच्या आवाक्यातील आहेत. त्यासाठी शासनाच्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

दुसरी बाजू रोजगाराची आहे. ठाकूर आणि कातकरी वाड्यांतील तरुणांना येथील डोह, ओढे आणि पावसाची चाहूल जन्मापासून ठाऊक असते. कोणी बुडाले की शोधासाठी अशाच स्थानिक पोहणाऱ्यांना हाक घातली जाते आणि काम झाले की त्यांचा विसर पडतो. प्रेत काढण्यासाठी ज्याची आठवण होते, त्याला जीव वाचविण्यासाठी आधीच का नेमू नये? तारकर्ली येथे राज्य पर्यटन महामंडळाने पाणबुडी प्रशिक्षणाची संस्था उभारली आणि किनाऱ्यावरील मुलांसाठी नव्या व्यवसायाची वाट खुली झाली. याच जिल्ह्यात कोलाड येथे भिरा वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर कुंडलिका नदीत राफ्टिंग चालते, आणि तेथे शिरस्त्राण, जाकीट व प्रशिक्षित वाटाड्या यांशिवाय तराफा पाण्यात लोटला जात नाही. हीच शिस्त कर्जत-खालापूरच्या निवडक, तुलनेने सुरक्षित पाणवठ्यांवर आणता येईल. माफक प्रवेशशुल्क, त्यातून वेतन मिळविणारे स्थानिक जीवरक्षक आणि धोक्याच्या दिवशी निरपवाद बंदी, अशी ती व्यवस्था असावी.

भारतात दरवर्षी बुडून मरणाऱ्यांची संख्या तीस हजारांहून अधिक आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ साली २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस म्हणून घोषित केला. तो ऐन पावसाळ्यात येतो. त्या दिवशी दोन्ही तालुक्यांतील शाळांनी भाषणांऐवजी पोहणे शिकलेल्या मुलांची यादी फळ्यावर लिहावी आणि दर वर्षी ती वाढवावी.

मग पुढील सुट्टीत एखादे कुटुंब सूर्यास्ताच्या सफरीला खुशाल जावो. बेटाजवळ बोट थांबेल आणि कर्जतच्या पाण्यात शिकलेली मुलगी जाकिटाचे पट्टे स्वतः तपासून समुद्रात उतरेल. बोटीच्या काठाशी उभ्या असलेल्या तिच्या आईचा जीव तेव्हा टांगणीला लागलेला नसेल.